घरच्या गिट सर्व्हरला बाहेरून गाठायचंय? मग राउटरवर २२ नंबरचा पोर्ट उघडू नका

आमचा गिट सर्व्हर (कोड अन् त्यातले बदल सांभाळणारा) म्हणजे नागपुरात मानेवाड्याला घरी मागच्या खोलीत ठेवलेला जुना डेस्कटॉप, त्यावर उबंटू, अन् चार जण त्यावर कोड टाकतो, एक पुण्याला गेला, एक मिहानमधून रात्री लॉगिन करते. सुरुवातीला मी काय केलं, राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये जाऊन २२ नंबर, म्हणजे दुरून लॉगिन करायचं एसएसएचचं दार, सरळ मशीनकडे वळवला आणि झोपलो. सकाळी ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) उघडला तर ओळीवर ओळी, रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, कोण कुठून पासवर्ड मारून पाहून राहिलं पत्ताच नाही. आपल्यावर कोणी डूख धरलाय असं नाही, बॉट असतात, दिसेल ते दार हलवत फिरतात. नंबर बदलून २२२२ केला तर गर्दी कमी होते, पण कुलूप तेच राहते.

आता बाहेर फक्त वायरगार्डचा (हा व्हीपीएन, म्हणजे नेटवरचा खाजगी बोगदा) एक यूडीपी पोर्ट उघडा आहे, बाकी सगळं आत.

आधी पब्लिक आयपी मिळतोय का ते बघा. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधल्यावर दिसतो तो, दोन्ही जुळवा. जुळले नाही आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असला तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे प्रोव्हायडर एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटतो, मग फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून काही येत नाही. माझा अख्खा रविवार यात गेला ना भाऊ. अशा वेळी प्रोव्हायडरकडून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर टेलस्केल (पोर्ट न उघडता मशीन जोडणारी सेवा) वापरा. आयपी पब्लिक आहे पण बदलत राहतो, तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एक पक्कं नाव) पुरते.

मग राउटरमध्ये सर्व्हरचा मॅक अ‍ॅड्रेस टाकून आतला आयपी पक्का करा, लाइट जाऊन आल्यावर तो बदलला की फॉरवर्डिंग भलत्याच मशीनकडे जाते. यूपीएनपी (यातून घरातली यंत्रं राउटरवर आपोआप पोर्ट उघडतात) बंद. ५१८२० यूडीपी तेवढा सर्व्हरकडे वळवा. वायरगार्डची मजा ही की ओळखीची की (किल्ली) नसेल तर तो उत्तरच देत नाही, स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

प्रत्येकाच्या लॅपटॉपची वेगळी की, एकच फाइल चौघांत वाटू नका. बोगद्यात सर्व्हरला १०.७७.०.१ दिला, आणि लॅपटॉपच्या अलाउड आयपीजमध्ये (बोगद्यातून जायच्या पत्त्यांची यादी) तेवढाच, मागे स्लॅश ३२ लावून, म्हणजे फक्त तो एकच पत्ता. गिटचा रिमोटही याच पत्त्यावर. घरचा १९२.१६८.१ वाला पत्ता वापरू नका, कारण पुण्याच्या फ्लॅटमधल्या राउटरचाही तोच निघतो आणि पुश (कोड पाठवणं) तिकडच्याच प्रिंटरला जाऊन धडकते. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवा, नाहीतर लॅपटॉप थोडा वेळ गप्प बसला की मधला राउटर रस्ता विसरते.

एसएसएचला पण ढिलाई नको. ईडी२५५१९ प्रकारची की बनवा, तिला पासफ्रेज द्या, गिट युजरला गिट-शेल द्या म्हणजे पुश-पुल सोडून काही करता येत नाही. पासवर्ड लॉगिन आणि रूट लॉगिन बंद करायचं, पण आधी एक खिडकी चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतून कीने आत जाऊन बघा, चाललं तरच बंद करा. फायरवॉलमध्ये २२ फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवर. आणि ज्यांचं अजून एसव्हीएन (गिटच्याच कामाचं जुनं साधन) आहे त्यांनीही ३६९० बाहेर उघडू नये, साध्या एसव्हीएनसर्व्हमध्ये कोड उघड्यावरूनच जातो. गिट डेमनचा ९४१८ तर त्याहून वाईट, तिथे ओळख विचारतच नाही.

टेस्ट करताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून करा, घरच्या वायफायवरून घरचाच पब्लिक पत्ता बऱ्याच राउटरवर चालत नाही आणि माणूस उगाच चालू सेटिंग मोडून बसते.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर, मे महिन्यात त्या खोलीत डेस्कटॉपचा पंखा जेट विमानासारखा ओरडते म्हणून सांगतो. आणि टीममधून कोणी गेलं की त्याच दिवशी दोन नोंदी काढा, एक वायरगार्डमधली त्याच्या पीअरची (जोडलेल्या लॅपटॉपची), एक एसएसएचच्या ऑथराइज्ड कीज फाइलमधली.