कपाट आवरताय? आधी आहेराच्या साड्या वेगळ्या करा, आणि या चुका टाळा

खान्देशातल्या घरात कपाट भरतं ते बहुतेक आहेरानं. लग्नसराई सरली, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन आलं, की कपाटात चार-सहा साड्या वाढलेल्या असतात आणि त्यातली एकही आपण निवडलेली नसते. दार उघडल्यावर समोर दिसते ती दुसऱ्यांची पसंती. आपल्याला खरोखर शोभणारे कपडे मागे दबून गेलेले असतात.

म्हणूनच सर्वांत मोठी चूक म्हणजे देण्याघेण्याच्या आणि नेसायच्या साड्या एकाच कप्प्यात ठेवणं. आहेरासाठी एक जुनी सुटकेस वेगळी करा. साड्या, ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या सगळं त्यात जाऊ द्या. प्रत्येक साडीच्या घडीत एक चिठ्ठी ठेवा: कोणी दिली, कोणाच्या लग्नात दिली. चिठ्ठी टाचणीनं लावू नका, टाचणी गंजली की तो डाग सहजी जात नाही. हे लिहिणं फार गरजेचं आहे. मामेसासूंनी हौसेनं दिलेली साडी फिरून त्यांच्याच सुनेला गेली, तर त्यांना किती लागेल याचा विचार करा. नवा आहेर घरात आला की त्याच आठवड्यात ठरवा. नेसणार असाल तर लगेच फॉल-पिकोला टाका, नसाल तर सुटकेसमध्ये. ‘बघू नंतर’ म्हणून ठेवलेली साडी तशीच पडून राहते.

दुसरी चूक, ‘वर्षभर घातलं नाही तर काढून टाका’ हा नियम डोळे मिटून लावणं. आपल्याकडे कानबाई देवी बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्या दिवशीची काठपदराची साडी वर्षातून एकदाच बाहेर निघाली तर त्यात काय चुकलं? वेगळा प्रश्न विचारा: मागच्या कार्यक्रमाला ही साडी हातात घेऊन परत ठेवली होती का, आणि का? बऱ्याचदा कारण साडीत नसतंच, ब्लाउज होत नसतो. ब्लाउज उलटा करून बघा. आत माया (शिलाईपलीकडचं जादा कापड) सोडलेली असेल तर शिलाई उसवून तो सैल करता येतो, कोणताही टेलर हे काम करून देतो. माया नसेल तर काळा, मरून किंवा सोनेरी असा एखादा साधा ब्लाउज घ्या, त्यावर कितीतरी साड्या चालून जातात. साडी आणि तिचा ब्लाउज एकाच घडीत ठेवला की ऐन वेळची शोधाशोधही वाचते.

आपली आवड कोणती, हे मोबाइलवरचे फोटो बघून ठरवू नका. त्यासाठी कपडे वाळत घालायची दोरी बघा. दोन आठवडे रोज नजर टाका, तेच पाच-सहा कपडे पुन्हा पुन्हा दिसतील. त्यांच्यात सारखं काय आहे ते शोधा: सुती कापड, पाऊण बाह्या, फिकट रंग, बाजूला खिसा? तीच तुमची स्टाइल. तिच्याशी अजिबात न जुळणारे रोजचे कपडे खुशाल काढा आणि पुढची खरेदीही त्याच हिशेबानं करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, तिथे अंगाला चिकटणारं पॉलिस्टर कितीही सुंदर असलं तरी दुपारी नकोसं होतं. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखात कपाटं पॉलिस्टरनं भरलेली असावीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी डबे-ऑर्गनायझर विकत आणू नका, कपडे कमी झाल्याशिवाय किती जागा लागेल ते कळत नाही. आणि सगळं कपाट एकदम पलंगावर उपसू नका. एका दिवशी एकच कप्पा.

ठेवणीतल्या कपड्यांचं नुकसानही अशा आवराआवरीतच होतं. डांबरगोळ्या थेट रेशमावर किंवा जरीवर टाकू नका, सुती कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा. रेशमी साडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, मलमलमध्ये गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवर रेशीम विरतं. ऊन द्यायचं म्हणून आपल्या कडक उन्हात टाकाल तर रंग उडेल, सावलीतली हवा पुरे. हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत ठेवलेल्या कपड्यांना बुरशी धरते.

आवरलेलं कपाट महिन्याभरात पुन्हा विस्कटत असेल, तर एकदा घातलेले पण धुवायला न टाकलेले कपडे कुठे जातात ते बघा. त्यांच्यासाठी दारामागे दोन-तीन खुंट्या ठोका.

सासूबाईंच्या कपड्यांना मात्र त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. त्या अहिराणीत ‘ऱ्हाऊ दे, कामले यी’ (राहू दे, कामाला येईल) म्हणाल्या तर राहू द्या, त्या साडीशी त्यांचं काही जोडलेलं असेल. जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून घेऊ का, असं विचारलं तर बहुतेक वेळा त्या आनंदानं तयार होतात. गोधडीत पॉलिस्टर घालू नका, ते सरकतं आणि गरम होतं. फाटकं कोणाला देऊ नका, त्याची फडकी करा. चांगलं ते गरजू माणसाला किंवा कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या भांडेवालीला द्या, आणि ठरवलं त्याच दिवशी घराबाहेर काढा. दाराशी पिशवी आठवडाभर पडून राहिली, तर त्यातल्या निम्म्या साड्या परत कपाटात जातात.