चिनी भाषक विद्यार्थ्यांना ‘हँड’ हा इंग्रजी शब्द कसा शिकवावा

चिनी मातृभाषा असलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. ‘हँड’ म्हणजे काय, हे या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. चीनमधील शाळांत साधारणपणे तिसरीपासून इंग्रजी शिकवले जाते आणि ‘काओखाओ’ या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या पेपरला 150 गुण असतात. त्यामुळे शब्दार्थ पाठ असतोच. अडचण वेगळी असते. हाताला चिनी भाषेत ‘शोऊ’ म्हणतात, आणि या शोऊचा गोतावळा आपल्या ‘हाता’च्या गोतावळ्याइतकाच मोठा आहे. वाक्प्रचारांची यादी देऊन ती पाठ करायला सांगितली, तर विद्यार्थी प्रत्येक वाक्प्रचाराला शोऊचा एखादा जुना अर्थ नकळत चिकटवतो. म्हणून यादीऐवजी त्याच्याच भाषेपासून सुरुवात करावी, असे माझे अनुभवान्ती ठाम मत झाले आहे. पुढे चिनी शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांतून उच्चार अंदाजानेच कळेल, कारण चिनी स्वरांचे चढउतार आपल्या लिपीत दाखवता येत नाहीत.

पहिल्या तासाला विद्यार्थ्यांकडून शोऊने संपणारे शब्द काढून घ्यावेत. ‘श्वेइशोऊ’ म्हणजे खलाशी, ‘लाओशोऊ’ म्हणजे मुरलेला माणूस, ‘शिनशोऊ’ म्हणजे नवखा, ‘अर्शोऊ’ म्हणजे कुणीतरी आधी वापरलेली वस्तू, ‘गशोऊ’ म्हणजे गायक आणि ‘श्योंगशोऊ’ म्हणजे खुनी. मग यांपैकी इंग्रजीत कुठे कुठे ‘हँड’ येतो, हे एकेक करून तपासावे. खलाशाला ‘डेकहँड’ म्हणतात, मुरलेल्याला ‘ओल्ड हँड’ म्हणतात, वापरलेली वस्तू ‘सेकंड-हँड’ असते. एवढे जुळलेले पाहून विद्यार्थी खूश होतात आणि त्यांचा हुरूपही वाढतो. गायक आणि खुनी मात्र इंग्रजीत हाताशिवायच राहतात. नवख्यापाशी थोडे थांबावे, कारण चीनमधले विद्यार्थी शिनशोऊसाठी हमखास ‘ग्रीन हँड’ म्हणतात. हा शब्दप्रयोग त्यांनी मन लावून पाठ केलेला असतो, पण इंग्रजी बोलणारी माणसे तो क्वचितच वापरतात. ती ‘बिगिनर’ किंवा ‘नॉव्हिस’ म्हणतात. ही चूक खोडताना ती अज्ञानाची नव्हे, मेहनतीची चूक आहे, हे आपण विसरू नये. ‘तीन हात’ अशा शब्दशः अर्थाचा ‘सान च्र शोऊ’ चिनीत खिसेकापूसाठी वापरतात; तो इंग्रजीत नेऊ नये, एवढे सांगून पुढे जावे.

खरा वेळ द्यायचा तो दिसायला सारख्या, पण अर्थाने वेगळ्या असलेल्या वाक्प्रचारांना. त्यांतला सर्वांत फसवा म्हणजे हात धुणे. माझ्या एका विद्यार्थ्याने निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठ अभियंत्यासाठी इंग्रजीत निरोपाचा मजकूर लिहिला होता. त्यात मोठ्या आदराने लिहिलेले एक वाक्य होते, ‘ही हॅज वॉश्ड हिज हँड्स ऑफ अवर प्रोजेक्ट.’ त्याच्या मनात होता ‘चिनफन शीशोऊ’, म्हणजे सोन्याच्या घंगाळात हात धुणे. पूर्वी आडमार्गाचे आयुष्य कायमचे सोडणाऱ्यासाठी वापरला जाणारा हा वाक्प्रचार आता एखाद्या व्यवसायातून निवृत्त होणाऱ्यासाठीही सहज वापरतात. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्या वाक्यातून एवढेच कळले असते, की या गृहस्थांनी आमच्या कामाची जबाबदारी झटकली आणि आम्हाला वाऱ्यावर सोडले. इंग्रजी वाक्प्रचाराचे मूळ बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. तिथे रोमन सुभेदार पिलात जमावासमोर पाण्याने हात धुतो आणि येशूच्या रक्ताबाबत आपण निर्दोष असल्याचे सांगतो. ही गोष्ट विद्यार्थ्याला दोन मिनिटांत सांगावी, म्हणजे चिनी हात धुणारा स्वतःचे जुने काम मागे टाकतो आणि इंग्रजी हात धुणारा दुसऱ्याच्या परिणामांपासून अंग काढून घेतो, हा फरक त्याच्या मनात पक्का बसतो. आपणही सावध राहावे, कारण मराठीत हात धुऊन मागे लागतात आणि वाहत्या गंगेतही हात धुऊन घेतात, आणि यांपैकी एकही अर्थ त्या इंग्रजी वाक्प्रचाराचा नाही. त्याला मराठीत जवळचे काही असेल, तर ते हात झटकणे किंवा हात वर करणे.

दुसरी फसगत निबंधात होते आणि ती परीक्षेत गुण घालवते. ‘ऑन दि अदर हँड’ हा शब्दसमूह चिनी विद्यार्थी ‘लिंग ईफांगम्येन’ या अर्थाने वापरतात. चिनी शब्दांचा अर्थ ‘दुसरी बाजू’ असा होतो, पण ती बाजू पहिलीच्या विरोधात असावी, असे बंधन चिनीत नाही. पहिल्या मुद्द्यात भर घालतानाही ते शब्द चालतात. म्हणून ‘मेट्रो स्वस्त आहे, ऑन दि अदर हँड, ती स्वच्छही आहे’ अशी वाक्ये निबंधात येतात. इंग्रजी वाचक तो शब्दसमूह पाहताच विरोधाची वाट पाहतो आणि तो न मिळाल्याने गोंधळतो. उपाय सोपा आहे. विद्यार्थ्याला दोन्ही तळवे तराजूच्या पारड्यांसारखे समोर धरायला लावावे आणि विचारावे, की दुसरे वाक्य ठेवल्यावर पारडे उलट बाजूला झुकते का. झुकत असेल, तर तो शब्दसमूह ठेवावा. झुकत नसेल, तर ‘ऑल्सो’ किंवा ‘इन अडिशन’ लिहावे. मराठी शिक्षकाला ही चूक लवकर दिसत नाही, कारण आपले ‘दुसरीकडे’ही तितकेच सैल आहे आणि वृत्तपत्रांत ते दोन्ही अर्थांनी वापरले जाते.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत मात्र आपले मराठी मदतीला येते. आपण ‘हाताशी’, ‘हातात’, ‘हाताबाहेर’ असे म्हणतो, म्हणजे जागा दाखवणारा शब्द हातानंतर येतो; चिनीतही ‘शोऊपिएन’ म्हणजे हाताशी आणि ‘शोऊली’ म्हणजे हातात, असाच क्रम असतो. इंग्रजीत हा क्रम उलटतो आणि ‘ॲट हँड’, ‘इन हँड’, ‘ऑन हँड’, ‘आउट ऑफ हँड’ असे छोटे शब्द आधी येतात. ते नुसते घोकून राहत नाहीत. टेबलावर एखादी पेन्सिल ठेवावी. ती जवळ असली, की ‘ॲट हँड’. गरजेसाठी साठा करून ठेवलेली असली, की ‘ऑन हँड’. तिच्याने काम चालू असले, की ते काम ‘इन हँड’. आणि काम आवाक्यात राहिले नाही, की ‘आउट ऑफ हँड’. शेवटचा प्रकार आपल्या ‘हाताबाहेर जाणे’शी तंतोतंत जुळतो. मात्र ‘रिजेक्ट’ या क्रियापदाबरोबर तोच शब्दसमूह आला, की त्याचा अर्थ ‘विचारही न करता फेटाळणे’ असा होतो. हे स्वतंत्रपणे सांगावे, नाहीतर विद्यार्थी तिथेही बेशिस्त शोधत बसतो.

उपपदे चिनी भाषेत नाहीत आणि नामाचे अनेकवचनही सहसा वेगळे दाखवत नाहीत, म्हणून ‘हँड’च्या आसपासचे लहान शब्द गळतात. ‘गिव्ह मी अ हँड’ म्हणजे मला मदत करा आणि ‘गिव्ह मी युअर हँड’ म्हणजे तुमचा हात माझ्या हातात द्या. एका लहानशा शब्दाने प्रसंग बदलतो, हे दाखवण्यासाठी ही जोडी उत्तम आहे. ‘गिव्ह हर अ बिग हँड’ म्हणजे तिच्यासाठी जोरात टाळ्या वाजवा. हस्तांदोलनासाठी ‘शेक हँड्स’ म्हणताना अनेकवचन हवेच, कारण हात दोघांचे असतात.

‘हँड’ क्रियापद म्हणून येतो तेव्हा कागद हातात घेऊन शिकवावे. गृहपाठ शिक्षकाकडे जमा होतो ते ‘हँड इन’, कागद सर्वांना वाटले जातात ते ‘हँड आउट’, ताबा सोडून दिला जातो ते ‘हँड ओव्हर’ आणि आजीची बांगडी नातीकडे येते ते ‘हँड डाउन’. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी चिनीत ‘च्याओ’ हेच क्रियापद येत असल्याने त्या दोहोंत सरमिसळ होते, म्हणून तिथे जास्त सराव घ्यावा. याच वेळी उच्चारही सुधारता येतो. प्रमाण चिनीत अक्षराच्या शेवटी ‘ड’ येत नाही, त्यामुळे ‘हँड’चे ‘हॅन’ होते किंवा शेवटी एक जादा स्वर चिकटतो. ‘हँड इन’ एका दमात ‘हॅन्-डिन’ असे म्हणायला लावले, की तो ‘ड’ पुढच्या स्वराचा आधार घेऊन आपोआप स्पष्ट उमटतो.

घड्याळ शेवटी घ्यावे. इंग्रजी घड्याळाला ‘हँड्स’ असतात, चिनी घड्याळाला सुया असतात आणि आपल्या घड्याळाला काटे असतात. ‘सेकंड हँड’ म्हणजे सेकंदकाटा आणि मध्ये जोडरेघ असलेला ‘सेकंड-हँड’ म्हणजे वापरलेला, हे दोन्ही एकाच वाक्यात आणून विद्यार्थ्यांपुढे ठेवावे: सेकंडहँड घड्याळाचा सेकंदकाटा बंद पडला आहे. हे वाक्य त्यांना न अडखळता इंग्रजीत सांगता आले, की आपल्याला पुढच्या आठवड्यात ‘हेड’ हा शब्द घेता येईल.