लॅपटॉपची हार्डवेअर टेस्ट लावताय? या चुका टाळा, बऱ्याचशा माझ्या करून झाल्यात

मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन. "दादा, लॅपटॉप मधेच फटकन बंद पडतोय, पण टेस्ट लावली ना, सगळं हिरवं आलं, म्हणजे विंडोजच गंडलंय, फॉरमॅट मारू का?" मी विचारलं टेस्ट किती वेळ चालली, तर म्हणे चारेक मिनिटं असेल. म्हटलं थांब, फॉरमॅट-बिरमॅट काही करू नकोस.

ही टेस्ट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना आपल्या मशीनमध्ये ती आहे हेच माहीत नसतं. बहुतेक मोठ्या कंपन्या लॅपटॉपमध्येच तपासणीचा प्रोग्राम टाकून देतात, तो विंडोज चालू व्हायच्या आधी चालतो. खरा फायदा तिथेच आहे. विंडोज मधे नसतानाही तीच गडबड झाली तर दोष विंडोजचा नाही, विषय संपला, फॉरमॅट मारून दोन दिवस वाया घालवू नका.

पहिली अडचण म्हणजे टेस्टचा मेनूच येत नाही. डेलला चालू करताना एफ १२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडायचं, एचपीला एस्केप टकटक दाबत राहायचं आणि मेनू आला की एफ २, बऱ्याच थिंकपॅडला एफ १०. इंटेलवाल्या मॅकबुकला डी दाबून धरायचं, एम सिरीज चिपवाल्याला पॉवर बटण दाबून धरायचं, स्टार्टअपचे पर्याय दिसले की कमांड आणि डी. विंडोजवाले काय करतात, शटडाऊन करतात, चालू करतात, बटण दाबतात आणि थेट लॉगिन स्क्रीन. बऱ्याचदा हा फास्ट स्टार्टअपचा घोळ असतो, त्यात शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नसतंच. म्हणून रीस्टार्ट करा किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा. आणि कंपनीचा लोगो दिसेपर्यंत वाट बघू नका, पॉवर बटण दाबलं की लगेच टकटक सुरू. ब्लूटूथ कीबोर्डवर हे करू नका, त्या वेळी तो बहुधा जोडलेलाच नसतो.

आता मुख्य चूक, क्विक टेस्ट पास झाली म्हणून खूश होणं. क्विक टेस्ट साधारण एवढंच बघते की पार्ट जागेवर आहे आणि हाक मारल्यावर ओ देतोय. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला निळी स्क्रीन यायची, क्विक टेस्ट तीनदा पास, मी ड्रायव्हर बदलत बसलो, शेवटी एका रात्री एक्स्टेंडेड (तीच टेस्ट, पण लांबलचक आणि सखोल) लावली तर सव्वा तासाने मेमरी, म्हणजे रॅम, फेल. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, एक काढून टेस्ट, मग दुसरी काढून टेस्ट, असं करून खराब कुठली ते सापडलं. आणि हो, चांगली पट्टी खराबवालीच्या स्लॉटमध्ये घालूनही बघा, कधी कधी पट्टी बिचारी ठीक असते आणि स्लॉट मेलेला असतो. (पट्टीला हात लावायच्या आधी चार्जर काढा आणि आतली बॅटरी डिस्कनेक्ट करा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा उद्योग नको.)

विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट पण आहे, स्टार्टमध्ये मेमरी डायग्नोस्टिक टाइप केलं की येते. ती चालू झाल्यावर एफ १ दाबून एक्स्टेंडेड निवडता येतं, हे कोणी करत नाही. आणि रिझल्ट कुठे गेला म्हणून शोधत बसू नका, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जच्या खाली सिस्टीममध्ये मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स नावाची नोंद असते.

अजून एक, सकाळी उठून गार लॅपटॉपवर टेस्ट लावायची आणि पास झाली म्हणायचं. बिघाड तासभर वापरल्यावर येत असेल तर टेस्टही तासभर वापरल्यावरच लावा ना!

आता जी चूक मला आजही टोचते. वडिलांच्या जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क टिकटिक आवाज करत होती, फाइल उघडायला मिनिट मिनिट घ्यायची. मी शहाणा, रात्री चेकडिस्क स्लॅश आर लावून झोपलो. सकाळी बघतो तर काळ्या स्क्रीनवर एक ओळ, बूट डिव्हाइस सापडत नाही, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंग्जची स्क्रीन) पण डिस्कचं नाव गायब. आत बहिणीच्या लग्नाचे फोटो, दुसरी कॉपी कुठेच नाही. चेकडिस्क ही मुळात हार्डवेअरची टेस्ट नाहीच, ती फाइल सिस्टीम दुरुस्त करते, आणि स्लॅश आर लावलं की अख्खी डिस्क वाचत सुटते. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर पळवलं मी. एक्स्टेंडेड डिस्क टेस्टचंही तेच. म्हणून आवाज येत असेल किंवा कॉपी अडकत असेल तर आधी महत्त्वाचं सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर काढा, टेस्ट नंतर. एसएसडीला तर आवाजही नसतो, ती न सांगता जाते.

टेस्ट फेल झाली की लोक घाबरून पॉवर बटण दाबतात आणि कोड गायब. मोबाईल काढा, स्क्रीनचा फोटो घ्या, लखलख येत असेल तर तिरका घ्या. एचपी २४ अक्षरांचा फेल्युअर आयडी देतं, वॉरंटी क्लेमला तोच विचारतात. डेलचा कोड २००० डॅश ०१४२ आला तर हार्डडिस्कची सेल्फ टेस्ट फेल आहे, त्याच क्षणी बॅकअप. पण २००० डॅश ०१३१ म्हणजे बॅटरीचं आयुष्य संपत आलंय एवढंच, चार वर्षं जुन्या मशीनला तो यायचाच, त्यावरून मदरबोर्ड बदलायला निघू नका. मॅकवर एडीपी ०००, म्हणजे काही सापडलं नाही.

बॅटरीचं खरं चित्र बघायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट टाका (अर्थात इंग्रजीत), एक फाइल बनते, ती ब्राऊझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी ४०,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी २०,००० दिसली तर बॅटरी अर्धी उरली, साधा हिशोब. पण फुगलेली बॅटरी याच्या भरवशावर ओळखायला जाऊ नका. टचपॅड वर आलंय, क्लिक होत नाही, खालचं झाकण उचललं गेलंय, असं दिसलं की टेस्ट राहू द्या, बंद करा, चार्जिंग काढा आणि दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका.

टेस्टला न दिसणाऱ्या गोष्टींचा मोठा भाऊ म्हणजे अर्थिंग. चार्जिंगला लावलं की कर्सर नाचतो, मेटल बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, आणि टेस्टमध्ये टचपॅड पास. चार्जर काढून बघा, नाचणं थांबलं तर तीन पिनला दोन पिनचा जुगाड कुठे केलाय ते शोधा, नाहीतर घरातल्या सॉकेटला अर्थ आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. मी एकाचा टचपॅड बदलायला निघालो होतो, शेवटी एक्स्टेंशन बोर्ड बदलून काम झालं.

स्क्रीनवर रेषा येत असतील तर स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर बघा. त्यात रेषा नसतील तर पॅनेल किंवा त्याच्या केबलचा संशय, आणि झाकण पुढेमागे केल्यावर रेषा बदलत असतील तर केबलच धरा. डेलवाल्यांनी डी दाबून धरून पॉवर चालू करावं, स्क्रीन एकेक रंग दाखवते, त्यात ठिपके-रेषा सगळं दिसतं.

आणि टेस्टचा मेनू शोधता शोधता बायोसमध्ये शिरून सिक्युअर बूट (चालू होतानाच्या सुरक्षेची सेटिंग) वगैरेला हात लावू नका. ड्राइव्ह एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) असेल तर विंडोजचं ते कुलूप, बिटलॉकर, ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर ती बहुधा तिथे सेव्ह असते, आत्ताच बघून लिहून ठेवा, नंतर धावपळ नको.

तर मामेभाऊ. त्याला सांगितलं, तासभर गेम खेळ, मग चार्जर लावून लगेच एक्स्टेंडेड लाव. टेस्ट लावून अर्धा तास झाल्यावर फोन, "दादा टेस्ट पूर्णच होईना, मधेच लॅपटॉप बंद पडला, परत लावू का?" अरे बाबा, हाच रिझल्ट आहे! विंडोज नसताना, गरम असताना बंद पडला. खालचं झाकण उघडायला लावलं तर फॅन फिरत होता, म्हणून क्विक टेस्टमध्ये पास, पण हवा बाहेर जायच्या जाळीवर धुळीचा जाड थर बसलेला, गादीतून कापूस निघावा तसा निघाला. ब्रश मारला, तेव्हापासून बंद पडलेला नाही. काल व्हिडीओ कॉल केला त्याने, लॅपटॉप कुठे ठेवला होता? पलंगावर, गोधडीत.