मल्टिडायमेन्शनल कन्स्ट्रक्ट वापरताय? आधी बाण कुठून कुठं जातो ते ठरवा

नागपूरच्या सीताबर्डी इंटरचेंजला उभं राहून मेट्रोच्या प्रवाशांकडून फॉर्म भरून घेतले, आता सगळ्या उत्तरांची बेरीज करून सेवेची गुणवत्ता असा एकच आकडा काढून राहिलो, असं कोणी सांगितलं की मी म्हणते थांब बाप्पा, आधी दोन फॉर्म शेजारी ठेव. एकानं स्वच्छता 5, वेळ 5, तिकीट 1 आणि फीडर बस (स्टेशनपर्यंत ने-आण करणारी) 1 दिलंय, दुसऱ्यानं चारही ठिकाणी 3. बेरीज दोघांची 12. पण हे दोन प्रवासी एकसारखे आहेत का? अजिबात नाहीत, आणि बेरजेत नेमकं हेच हरवतं.

म्हणून सॉफ्टवेअर उघडायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा, की हे डायमेन्शन (स्वच्छता, वेळ असे पैलू) मूळ कन्स्ट्रक्टमुळे (सेवेची गुणवत्ता यासारखी थेट मोजता न येणारी कल्पना) दिसतात की हे मिळून कन्स्ट्रक्ट तयार होतो. स्वतःला विचारा, एक डायमेन्शन वाढला तर बाकीचे पण हलतील का? हलायलाच पाहिजेत असं थिअरी म्हणत असेल तर रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे मॉडेलच्या आकृतीत बाण कन्स्ट्रक्टकडून डायमेन्शनकडे. स्टेशन चकाचक झालं म्हणून फीडर बस वेळेवर येत नाही, तेव्हा मेट्रोचं आपलं उदाहरण फॉर्मेटिव्ह, बाण उलटा. लॉ, वाँग आणि मोब्ली या संशोधकांनी 1998 मध्ये लेटंट, अॅग्रिगेट आणि प्रोफाइल असे तीन प्रकार सांगितले, त्यातले पहिले दोन म्हणजे साधारण हेच. आणि कधीकधी एकत्र करायचंच नसतं. मेयर आणि अॅलन यांच्या 1991 च्या कमिटमेंट (संस्थेशी बांधिलकी) मॉडेलमध्ये जिव्हाळ्यानं नोकरीत राहणारा आणि सोडणं परवडत नाही म्हणून राहणारा असे वेगळे भाग आहेत, त्यांची बेरीज करून काय मिळणार सांगा.

रिफ्लेक्टिव्ह असेल तर आधी फक्त डायमेन्शनचं सीएफए (प्रश्न आपापल्या डायमेन्शनला जुळतात का याची तपासणी) करा, एव्हीई (प्रश्नांमधला किती फरक डायमेन्शन समजावतो) 0.50 च्या वर, कंपोझिट रिलायबिलिटी (प्रश्नांचा आपसातला मेळ) 0.70 च्या वर, एचटीएमटी (दोन डायमेन्शन खरंच वेगळे आहेत का याचं माप) 0.85 च्या खाली, मग वरची लेव्हल, म्हणजे कन्स्ट्रक्ट, जोडा. इथं एक गोष्ट खूप जणांची निसटते, माझीही निसटली होती आणि गाइडनं पण पाहिलं नव्हतं. तीनच डायमेन्शन असतील तर सेकंड ऑर्डर मॉडेलचा (डायमेन्शनच्या वर कन्स्ट्रक्ट ठेवलेल्या) फिट, म्हणजे डेटाशी जुळणं, आणि तिघांना नुसतं कोरिलेट केलेल्या मॉडेलचा फिट अगदी सारखाच येतो, त्यामुळे फिट चांगला आला म्हणून सेकंड ऑर्डर सिद्ध झालं असं लिहू नका, त्यासाठी निदान चार डायमेन्शन लागतात.

फॉर्मेटिव्हमध्ये वरच्या लेव्हलला एव्हीई आणि अल्फा (हे पण प्रश्नांच्या मेळाचंच माप) काढत बसू नका, तिथं व्हीआयएफ (डायमेन्शन एकमेकांत किती मिसळलेत) आणि वेट्स (प्रत्येकाचा वाटा) पाहायचे असतात. वेट कमी आलं म्हणून डायमेन्शन उडवू पण नका, फीडर काढला तर कन्स्ट्रक्टचा अर्थच बदलला ना. स्मार्ट पीएलएस या सॉफ्टवेअरमध्ये रिपीटेड इंडिकेटर (डायमेन्शनचे सगळे प्रश्न वरच्या कन्स्ट्रक्टलाही पुन्हा जोडणं) सोपं वाटतं, पण अशा कन्स्ट्रक्टवर कोणता व्हेरिएबल परिणाम करतो हे पाहायचं असेल तर गडबड होते, कारण डायमेन्शन मिळून त्याचा आर स्क्वेअर (किती फरक समजावला गेला याचं माप) आधीच 1 करून टाकतात आणि बाहेरून येणाऱ्या बाणाला काही उरतच नाही. तिथं टू स्टेज करा, आधी डायमेन्शनचे स्कोअर काढा, मग तेच इंडिकेटर म्हणून वापरा.

फॉर्म अजून छापायला गेला नसेल तर शेवटी 'एकूण मेट्रोची सेवा कशी वाटते' असे दोन सरळ प्रश्न घालून घ्या. फॉर्मेटिव्हचं रिडन्डन्सी अॅनालिसिस (डायमेन्शन मिळून हीच एकूण सेवा पकडतात का याची तपासणी) त्यावरच होतं, आर मधल्या लावान पॅकेजमध्ये मॉडेल आयडेंटिफाय व्हायला, म्हणजे गणिताचं एकच उत्तर निघायला, पण तेच कामी येतात, आणि नंतर आठवलं तर खापरीकडे निघून गेलेले ते प्रवासी परत कुठं सापडणार.