फोर-के मॉनिटर जोडताय? या चुका टाळा, लगेच परत करायला धावू नका

इंदूरला रामबागेत आमचे काका लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवायचं काम करतात, दिवसभर मराठी अक्षरं बघून डोळे दुखायचे म्हणून २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फोन, "अरे माउस नीट सरकतच नाही, लाल अक्षरं तर पसरल्यासारखी दिसतायत, सिल्वर मॉलला जाऊन परत करू का?" म्हटलं काका थांबा, मी येतो.

मॉनिटर चांगलाच होता. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, फुल एचडीच्या चौपट ठिपके, तेवढा डेटा पोर्ट (केबल खुपसायची जागा), केबल आणि मॉनिटर तिघांनाही झेपायला हवा, एक जरी कमी पडला तरी सगळं त्याच्याच चालीने चालतं. काकांचा पीसी जुना, त्याचं एचडीएमआय पोर्ट १.४ व्हर्जनचं, ते फोर-के दाखवतं पण ३० हर्ट्झलाच, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं, म्हणून माउस अडखळत होता. त्याच पीसीला मागे डिस्प्लेपोर्ट १.२ हे दुसऱ्या प्रकारचं पोर्ट रिकामं पडलेलं, तिथून सरळ ६० मिळाले. एचडीएमआयनेच ६० हवे असतील तर दोन्हीकडे २.० लागतं. आणि हे आपोआप होईल असं धरू नका, विंडोजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन हर्ट्झचा आकडा स्वतः बघा.

लाल अक्षरं पसरतात तेव्हा बहुतेक वेळा रंगाची माहिती कापून पाठवली जात असते, ४:२:० मध्ये. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४, म्हणजे न कापलेला रंग, करा. काकांच्या पत्रिकेतला लाल अनुस्वार आधी नुसता डाग वाटायचा, बदलल्यावर गोल टिंब दिसलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डला लावणं ही चूक तर मी कितीतरी घरांत बघितलीय, कार्डाचे पोर्ट कॅबिनेटच्या मागे खाली आडवे असतात, तिथे लावा. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयची साधी केबल एकाच दिशेने चालते, पीसीकडे डिस्प्लेपोर्ट हवं, उलटी लावली तर स्क्रीन काळीच राहणार. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतही पोर्टचं जुनं व्हर्जन निवडलेलं असतं, तेही एकदा बघून घ्या.

आता सगळ्यात वाईट वाटतं ते हे: अक्षरं बारीक दिसतात म्हणून लोक रिझोल्यूशनच कमी करतात! अहो मग एवढे पैसे कशाला घातले, 'क्ष' नि 'ज्ञ'च्या वळणाची धार गेली की परत तोच जुना मॉनिटर. रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० वरच ठेवा आणि विंडोजमधला स्केल, म्हणजे अक्षरांचा आकार, १५० टक्के करा, अक्षरं मोठी पण कोरीव दिसतील.

मधेच स्क्रीन काळी होऊन परत येत असेल तर आधी केबल बदला, दोन मीटरच्या आतली घ्या. आणि डिस्प्लेपोर्टची केबल काढताना वरची कळ दाबूनच ओढा, नाहीतर पोर्ट हलतं.