आजोबांच्या धाकट्या भावाचा माग असा लागला

दुसऱ्या महायुद्धात आजोबांचे धाकटे भाऊ रॉयल इंडियन नेव्हीत होते. ते परतलेच नाहीत. कुठे गेले, कधी गेले, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पणजी तर शेवटपर्यंत वाट बघत होती म्हणे.

दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या कॉमनवेल्थ सैनिकांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे, पण नाव-आडनाव टाकून काहीच हाती लागेना. गाडं हललं ते पणजीच्या पेन्शनच्या कागदामुळे. घड्यांवर विरलेला, शाई उडालेली. कोपऱ्यातला सेवा क्रमांक मात्र भिंगातून वाचता आला. मग नावाचा नाद सोडला. 'नौदल' हा विभाग निवडला, १९३९ ते १९४५ ही वर्षं घातली आणि क्रमांक टाकला. एकच नोंद आली! आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, स्पेलिंग भलतंच. खाली आईवडिलांची नावं आणि गाव मात्र तंतोतंत. माझे हात थरथरत होते.

समुद्रात मरण आलेल्यांना कबर नसते. रॉयल इंडियन नेव्हीतल्या अशांची नावं बॉम्बे/चितगाव १९३९-१९४५ वॉर मेमोरियलच्या नामवहीत आहेत. एक प्रत मुंबईच्या इंडियन सीमेन्स होममध्ये, दुसरी बांगलादेशातल्या चितगावच्या युद्ध दफनभूमीत.

तुमच्याकडे असं कुणी असेल तर आधी घरातले कागद काढा. पेन्शन, मनिऑर्डर, पत्रांची पाकिटं, सगळं. क्रमांक सापडला की नावाची अडचण उरत नाही. मृत्यूची तारीख मिळाली आहे, आता त्यावरून जहाज शोधतोय.