कैद्यांच्या कॅम्पवर तंबू ठोकताना: हिराबायाशी कॅम्पग्राउंडला कसं जावं

ॲरिझोनातल्या टुसॉनहून माउंट लेमनच्या घाटाला लागलेल्या बहुतेक गाड्या सरळ वर जातात. वर पाइनचं जंगल आहे, थंड हवा आहे, समरहेवन गावात ताटाएवढ्या कुकी मिळतात. वाटेत साधारण सातव्या मैलाशी डावीकडे प्रिझन कॅम्प रोड फुटतो, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्याच फाट्यावर गॉर्डन हिराबायाशी कॅम्पग्राउंड आहे. जागा लहान, मोजकेच तंबू मावतील एवढी. आणि एक रात्र काढायलाच हवी अशी.

१. निघण्याआधी माणूस समजून घ्या

हे केलं नाहीत तर तिथे तुम्हाला नुसते सिमेंटचे चौथरे दिसतील.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका जपानशी लढत असताना, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ काढला. त्याच्या आधारावर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आलं. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकणाऱ्या गॉर्डन हिराबायाशीने जपानी वंशाच्या लोकांवर लादलेली संचारबंदी पाळली नाही, छावणीत जायलाही नकार दिला आणि स्वतःहून एफबीआयपुढे हजर झाला. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. ९० दिवस.

पुढचा भाग एखाद्या फार्सात शोभावा असा आहे. कोठडीत बसण्यापेक्षा उघड्यावरची मजुरी बरी, असं हिराबायाशीचं म्हणणं होतं. अशी सोय टुसॉनजवळच्या याच कैद्यांच्या कॅम्पवर होती, पण तिथवर पाठवायला सरकारकडे पैसे नाहीत असं त्याला सांगण्यात आलं. मग वॉशिंग्टन राज्यातून ॲरिझोनापर्यंत तो रस्त्यात गाड्यांना हात दाखवत, लिफ्ट मागत गेला. पोचल्यावर अधिकाऱ्यांना त्याचे कागदच सापडेनात. सिनेमाबिनेमा बघ, संध्याकाळी ये, म्हणाले. तो सिनेमा बघून परत आला, तोवर कागद सापडले होते!

एक गफलत टाळा. ही जागा कुटुंबांना डांबलेली छावणी नव्हती. हा शिक्षा झालेल्यांचा तुरुंग होता. हिराबायाशीनंतर इथे जपानी वंशाचे चाळीसहून अधिक तरुण आले. घरचे काटेरी तारांमागे असताना सैन्यात भरती व्हायला त्यांनी नकार दिला होता. युद्धाला तत्त्वतः विरोध करणारे इतर लोकही इथे होते, त्यांत होपी आदिवासी होते. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी भरती नाकारणाऱ्या जपानी अमेरिकनांना माफी दिली. हिराबायाशीची शिक्षा न्यायालयाने रद्द करायला १९८७ उजाडलं. तोवर तो कॅनडात समाजशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवृत्तही झाला होता.

२. हंगाम

हिवाळा आणि त्याच्या आगचेमागचे महिने उत्तम. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,९०० फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी उंच. दिवसा ऊन चटका देतं, रात्री पारा गोठणबिंदूकडे सरकतो. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंड सहसा बंद असतं, आणि जुलैपासून वादळी पाऊस ओढ्यांना अचानक लोंढे आणतो. कोरोनाडो राष्ट्रीय वनाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी बघून घ्या: जागा उघडी आहे का, मुक्कामाचं शुल्क किती, आणि आग पेटवायला बंदी आहे का.

३. सामान

पाणी. कॅम्पग्राउंडवर नळ नाही. पिणं, स्वयंपाक, भांडी धरून माणशी दिवसाला किमान चार-पाच लिटर घ्या, आणि गाडीत एक जादा कॅन टाका. पेट्रोलची टाकी टुसॉनमध्येच भरा. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, कारण डोंगरात सिग्नलचा भरवसा नाही. जमीन कडक आणि खडकाळ आहे, मऊ मातीतले बारीक खुंटे वाकतात. जाड पोलादी खुंटे आणि एक हातोडी हवी. पोह्यांचा डबा, चिवडा, साबण, टूथपेस्ट, वासाचं जे काही असेल ते रात्री तंबूत ठेवू नका. या डोंगरात काळी अस्वलं आहेत.

४. दुपारी पोचा, लगेच तंबू लावू नका

टुसॉनच्या ईशान्य टोकाहून कॅटलिना हायवे धरा. खाली हात वर केलेले सग्वारो निवडुंग दिसतात, चढ वाढला की ते विरळ होत नाहीसे होतात आणि बुटके ओक सुरू होतात. ही झाडं बदलताना बघायची, पण गाडी चालवणाऱ्याने नाही: घाटात सायकलवाले खूप असतात.

हा रस्ताच पहिलं स्मारक आहे. १९३३ ते १९५० या काळात तो कैद्यांच्या श्रमातून झाला. वळणावर गाडी नीट बाजूला घेऊन फोडलेल्या खडकाचा कडा जवळून बघा, म्हणजे ९० दिवसांची मजुरी काय असेल याचा अंदाज येतो.

फाट्यावरून आत गेल्यावर आधी माहितीफलक वाचा, मग अवशेषांतून फिरा. चौथरे, दगडी भिंती, कुठेच न पोचणाऱ्या पायऱ्या. तुरुंगाची तटभिंत शोधू नका, ती नव्हतीच. हद्द दाखवायला पांढरे रंगवलेले दगड मांडलेले असत. औंध संस्थानाने त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली, ते माहीत असलेल्याला ही कल्पना नवी वाटणार नाही. फरक असा, की इथल्या काहींचा गुन्हा म्हणजे त्यांची सदसद्विवेकबुद्धी होती.

हा कॅम्प १९७३ मध्ये बंद झाला, आणि १९९९ मध्ये वनखात्याने जागेला हिराबायाशीचं नाव दिलं. गंजलेला खिळा असो की बशीचा तुकडा, काही उचलू नका. चौथऱ्यावर चूलही नको. ठरवून दिलेल्या जागी लोखंडी कडं असतं, तिथेच.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी

ॲरिझोना ट्रेल इथूनच जाते. तिच्यावरून सिकामोर जलाशयापर्यंतची पायवाट घ्या. कॅम्पला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला हा लहान बंधारा आता गाळाने भरलेला आहे. ऊन चढायच्या आत परत फिरा. दिवस उबदार असेल तर दगडावर हात ठेवण्याआधी बघा, रॅटलस्नेक तिथेच ऊन खात पडलेला असतो.

परतताना घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. कुटुंबांना डांबलेल्या छावण्याही बघायच्या असतील तर ॲरिझोनात पोस्टन आणि हिला रिव्हर अशा दोन होत्या. पोस्टनचं स्मारक पार्कर गावाच्या दक्षिणेला रस्त्यालगत आहे, कधीही थांबता येतं. हिला रिव्हर मात्र आदिवासींच्या राखीव भूमीत येतं. तिथे जायला त्यांच्या प्रशासनाची परवानगी लागते, आणि ती निघण्याच्या बरीच आधी मागावी.